आधी डेट स्लिप बघा, मग पुरस्कार द्या

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात एका निवड समितीकडून मला जाडजूड पाकीट आले. शालेय ग्रंथपालांना उत्कृष्ट कामाचा पुरस्कार द्यायचा आहे, आलेल्या प्रस्तावांना गुण द्यायला परीक्षक म्हणून या, असे पत्र आणि सोबत गुणपत्रक. ३१ वर्षे शाळेच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईला असे पत्र आले की बरे वाटते, खोटे कशाला बोलू. चष्मा लावून गुणपत्रक वाचायला बसले आणि दुसऱ्या पानापर्यंत येता येता उत्साह मावळला. एकूण ग्रंथसंख्या. दालनाचे क्षेत्रफळ. कपाटांची संख्या व स्थिती. संगणक. वर्षभरातील कार्यक्रम, छायाचित्रांसह. वर्तमानपत्रांतील कात्रणे. आणि तळाशी उणे गुणांचा रकाना : गहाळ पुस्तके, दर दहा पुस्तकांमागे एक गुण वजा.

हे गुणपत्रक माझ्या ओळखीचे आहे. अकरा वर्षांपूर्वी, निवृत्तीला थोडे दिवस उरलेले असताना, जवळजवळ असेच एक माझ्या हातात आले होते आणि तेव्हा मी ते निमूटपणे भरले होते. त्या भरण्याची चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

तेव्हा आम्ही तिघे होतो. एक मुख्याध्यापक, एक संस्थाचालक आणि ग्रंथालयातली म्हणून मी. शेवटच्या फेरीत दोन शाळा उरल्या होत्या. पहिल्या शाळेत आमच्या येण्याची आठवडाभर तयारी चालली असावी. काचेची कपाटे, प्रत्येक कप्प्यावर छापील पट्टी, पुस्तकांचे कणे शिपायांच्या रांगेसारखे एका रेषेत. ग्रंथपाल टापटिपीचे, फाईल नेटकी, कात्रणे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली. गहाळ पुस्तके शून्य. मुख्याध्यापक खूश झाले. मी सवयीने एक पुस्तक काढून शेवटच्या पानावर गेले. तिथे तारखेची चिठ्ठी असते, पुस्तक परत करायच्या तारखेचा शिक्का मारायची. आम्ही तिला डेट स्लिप म्हणतो. ती कोरी होती. शेजारचे काढले, तीही कोरी. तिसरे पुस्तक उघडताना कण्यातून कटकन आवाज आला. कधीही न उघडलेले पुस्तक पहिल्यांदा उघडले की येतो ना, तोच.

दुसऱ्या शाळेतले ग्रंथालय जिन्याखाली होते. आत जाताना संस्थाचालकांना वाकावे लागले आणि तिथेच अर्धे गुण गेले असावेत. कपाटांना दारे नव्हती. खालचे कप्पे भरलेले, वरचे मोकळे, कारण वर लहान मुलांचे हात पोचत नाहीत. मधले कप्पेही अर्धे रिकामे. त्या बाई ओशाळून म्हणाल्या, "आज शुक्रवार आहे ना, शनिवार-रविवारसाठी पुस्तकं घरी गेली." मुख्याध्यापकांनी कागदावर लिहिले, ‘कपाटे अर्धी रिकामी.’ सहा वर्षांत ८७ पुस्तके गहाळ. म्हणजे आठ गुण वजा.

मी तिथेही एक पुस्तक काढले. कोळ्यांवरचे पातळसे, कण्याला कापडी पट्टी लावून पुन्हा शिवलेले. त्याच्या मागच्या पानावर डेट स्लिपवर डेट स्लिप अशा तीन चिकटवलेल्या होत्या, पहिल्या दोन्हींवर शिक्के मारायला जागाच उरली नव्हती. तिसरीही अर्ध्याच्या खाली आली होती. वरच्या स्लिपची कड सुटली होती, ती उचलून मी खालच्या तारखा वाचत बसले. पुस्तक नऊ वर्षांचे होते.

आणि टेबलावर एक वही होती. साधी शंभर पानी, वर लिहिलेले ‘विचारले पण मिळाले नाही’. मुले येऊन जे मागत आणि ग्रंथालयात जे नसे, ते त्यात टिपलेले. नावे नाहीत, फक्त इयत्ता आणि तारीख. एक नोंद अशी होती : ‘सहावी. मुंगी झोपते का? पुस्तक नाही. विज्ञानाच्या सरांना विचारले, त्यांनाही नक्की माहीत नाही. शोधते.’ त्याखाली पंधरा दिवसांनंतरच्या तारखेने, दुसऱ्या शाईत : ‘सापडले. मुलाला बोलावून सांगितले.’ आणखी चार-पाच पाने उलटल्यावर एक : ‘आठवी. घरात कुणाची नोकरी गेली तर काय करतात, यावर पुस्तक आहे का? नाही. बसवून घेतले. तास बुडाला. वर्गशिक्षकांशी बोलले.’

ती वही हातात घेऊन मी गुणपत्रकात रकाना शोधत होते. नव्हता. ‘इतर उपक्रम’ असा एक होता, दोन गुणांचा, पण त्याला छायाचित्र लागत होते.

पहिली शाळा सहा गुणांनी जिंकली. बेरीज मीच पुन्हा तपासून दिली. गहाळ पुस्तकांचे आठ गुण कापले नसते तर निकाल उलटा लागला असता, हे मला त्याच टेबलावर दिसत होते. मी बोलले नाही. दोन वडीलधाऱ्या माणसांसमोर नियम छापलेला होता आणि मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. कारणे अशीच किरकोळ असतात.

आता त्या गहाळ पुस्तकांविषयी. मुलांच्या हातात पुस्तक दिले की काही पुस्तके जाणारच. कुणाचे घर बदलते, कुणाचे धाकटे भावंड पाने फाडते, एखाद्याला पुस्तक इतके आवडते की परत द्यायचा धीर होत नाही. सार्वजनिक ग्रंथालयातला माणूस हे समजून असतो. शाळेत मात्र वर्षअखेरच्या मोजणीत एक पुस्तक कमी भरले की ग्रंथपालाकडे अशा नजरेने बघतात, जणू त्यानेच ते रद्दीत विकले. मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "सांभाळून हं, पगारातून कापतात." प्रत्यक्षात कुणाचे कापले होते की नाही, देव जाणे. पण भीतीने काम केले. पहिली चार वर्षे मी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरले. ज्ञानकोशाचे खंड तर कपाटाबाहेर काढायचीच बंदी, ‘फक्त संदर्भासाठी’ असा लाल शिक्का मारून. चौथ्या वर्षीच्या मोजणीत एकही पुस्तक गहाळ नाही, म्हणून मुख्याध्यापकांनी शिक्षकसभेत माझे नाव घेतले. त्याच मोजणीत ज्ञानकोशाचा सातवा खंड उघडला, तर मधल्या चाळीसेक पानांची कसरीने चाळण केलेली. पुठ्ठा शाबूत होता, दाखल नोंदवहीतला क्रमांक जुळत होता, म्हणून रकान्यात ‘उपलब्ध’ भरले. चार वर्षांत तो खंड कुणी वाचला असेल तर कसरीनेच.

त्यानंतर मी किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या. लगेच नाही, पुढच्या जूनमध्ये. धैर्य यायला उन्हाळा लागला.

मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तसे साखळ्यांचे ग्रंथालय आजही बघायला मिळते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, तेव्हा पहिलाच नियम सांगितला की पुस्तके वापरण्यासाठी आहेत, आणि त्याचा खुलासा करताना या साखळ्यांचाच दाखला दिला. आमच्या प्रशिक्षणात हा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो, परीक्षेत पाच गुणांना हमखास येतो. मग तीच माणसे परीक्षक होतात आणि गहाळ पुस्तकांना उणे गुण देतात. (रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून गेले, तेव्हा कामाला इतके कंटाळले की परत शिकवायला घ्या म्हणून कॉलेजात गेले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षात ग्रंथालयात एकटे बसून भिंतीकडे बघितलेल्या कुणालाही हे वाचून हायसे वाटेल.)

‘एकूण ग्रंथसंख्या’ हा रकानाही असाच फसवा आहे. आकडा वाढवायचा सोपा उपाय म्हणजे काहीही टाकून न देणे. शाळेच्या ग्रंथालयात सोव्हिएत संघ दाखवणारे नकाशासंग्रह १९९१ नंतर कितीतरी वर्षे कपाटात बसून होते, माझ्याकडेही होते. कारण पुस्तक बाद करायचे म्हणजे अर्ज, समिती, ठराव, सह्या, आणि शेवटी ‘इतकी पुस्तके कमी कशी झाली’ हा प्रश्न. जुने, चुकीचे, बुरशी आलेले पुस्तक वेळेवर काढून टाकणे हे आमच्या कामातले सगळ्यात जबाबदारीचे काम, पण पुरस्काराच्या गणितात ते तुमचेच नुकसान करते.

अर्थात सरसकट काढून टाकणे हाही उपाय नसतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्लूटोचे ग्रहपद गेले, तेव्हा माझ्याकडे खगोलशास्त्राची बावीस पुस्तके होती आणि सगळ्यांत नऊ ग्रह. बावीस पुस्तके बाद केली असती तर कप्पा ओस पडला असता. मी चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर चिकटवल्या : ‘हे पुस्तक छापले तेव्हा प्लूटो ग्रह होता.’ त्या एका वाक्याने काय धमाल उडवली! मुले येऊन विचारायची, म्हणजे पुस्तक खोटे बोलत होते का? मग प्लूटो तिथेच आहे का? ठरवले कुणी? कुणाला विचारून? मी त्यांना पुस्तक छापल्याचे साल कुठे असते ते दाखवायला लागले. पुढे त्यातली काही इतकी पटाईत झाली की इतिहासाचे पुस्तक घेतानाही आधी साल बघायची आणि "बाई, हे फार जुनं आहे, नवीन नाही का?" म्हणून डोके खायची. माहिती तपासून घेणे म्हणतात ते हेच. आज त्यावर कार्यशाळा होतात. माझ्याकडे त्याचे छायाचित्र नाही. चिठ्ठीचे काय छायाचित्र काढायचे?

आणखी एक उदाहरण देते, म्हणजे शालेय ग्रंथपाल नेमके करतो काय, हे ज्यांना कळत नाही (त्यात काही शिक्षकही येतात) त्यांना अंदाज येईल. सातवीतला एक मुलगा सापांवरचे एकच पुस्तक पुन्हा पुन्हा न्यायचा. परत करायचा आणि तिथेच उभा राहून पुन्हा नोंदवायचा. असे नऊ वेळा. वर्गशिक्षिका म्हणाल्या, त्याला दुसरे काही द्या, तो ते वाचत नाही, नुसती चित्रे बघतो. मी नाही दिले. चित्रे बघणे हेही पुस्तकाकडे येणेच आहे, आणि हातातले काढून घेतले तर हा मुलगा पुन्हा दारातही दिसणार नाही, हे मला त्याच्या पुस्तक धरण्यावरून कळत होते.

विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देणारी ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धत १८७६ पासून चालत आली आहे, आमचे ग्रंथालय तिच्यावरच लावलेले होते. तिच्यात साप ५९७.९६ वर येतात. अलीकडे ५९७.९५ वर सरडे-पाली, पलीकडे ५९७.९८ वर मगरी आणि तिथून पुढे ५९८ ला पक्षी सुरू होतात. दहाव्या वेळी मी त्याला पुस्तक हातात दिले नाही, म्हटले, "तुझं तू शोधून आण, नंबर ५९७.९६." तो गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तो साप आणि मगर अशी दोन पुस्तके घेऊन. नियमाने एकच मिळायचे, मी दोन दिली. वर्ष संपेपर्यंत स्वारी घुबडांवर पोचली होती. आता तो दारातूनच विचारायचा, "बाई, पाचशे सत्त्याण्णवमध्ये काही नवीन आलंय?" साप सोडून दुसरे काही वाच, असे त्याला कुणीही सांगितले नव्हते. कप्प्यावर मगर शेजारी होती, एवढेच. पण ती तिथे असावी म्हणून कुणीतरी दोनशे पुस्तकांचे कण्यावरचे नंबर दर आठवड्याला जुळवत होते. मुले पुस्तके वाटेल तिथे कोंबतात, आणि ते योग्यच आहे.

माझ्या सूचनेवर काय आक्षेप येईल ते मला ठाऊक आहे. डेट स्लिप बघून गुण द्यायचे ठरले तर लोक शिक्के मारत बसतील. मारतीलच. मी स्वतः मारले आहेत. एका वर्षी वरून आदेश आला, प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला एक पुस्तक न्यायलाच हवे. आम्ही हजेरी क्रमांकाने पुस्तके वाटली. देवघेवीचा आकडा तिप्पट झाला, अहवाल झकास गेला. पुस्तके मात्र दप्तराच्या तळाशी आठवडा काढून जशीच्या तशी परत यायची. वाचनखूण म्हणून मी आत एक कागदाची पट्टी घालून द्यायचे, तीही त्याच पानात असायची. पण अशी स्लिप ओळखता येते. तिच्यावरच्या तारखा बरोबर सात-सात दिवसांनी पडतात, एका वाराला, ओळीने. खरे वाचन असे शिस्तीत चालत नाही. तीन दिवसांत परत, मग एकोणीस दिवस ठेवून दंडासह परत, मग परीक्षेच्या काळात दोन महिने काहीच नाही, मग सुट्टीच्या आधी एका दिवशी दोन शिक्के, कारण एकाने परत केल्या केल्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याने घेतले. वेड्यावाकड्या तारखांची स्लिप घरबसल्या बनवणे अवघड असते. बऱ्याच शाळांत आता बारकोड आले, स्लिपा गेल्या. काही बिघडत नाही, संगणकातून पुस्तकनिहाय देवघेव काढली की त्याच वेड्यावाकड्या तारखा तिथेही दिसतात. कार्यक्रमांच्या फोटोंऐवजी ती यादी मागवा.

ग्रंथपालाने फरक पडतो का, हे मोजायचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांच्या ग्रंथालयात माणसे आणि पुस्तके दोन्ही पुरेशी होती, तिथल्या मुलांचे वाचनातले गुण जास्त आढळले, आणि वस्ती गरीब की श्रीमंत, पालक किती शिकलेले, हे हिशेबात धरूनही हा फरक टिकला. मला त्याहून जवळचा वाटतो तो ओहायोतला अभ्यास, रॉस टॉड आणि कॅरल कूल्थाऊ यांचा. त्याचे निष्कर्ष २००४ साली आले. त्यांनी ३९ शाळांतल्या १३ हजारांहून अधिक मुलांनाच विचारले की ग्रंथालयाची तुम्हाला काय मदत झाली. ९९ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारे मदत झाली असे सांगितले. त्या शाळा चांगल्या ग्रंथालयांच्या म्हणूनच निवडलेल्या होत्या, तेव्हा त्या टक्क्याने फार हुरळून जायला नको. पण मुलांना विचारायचे त्यांना सुचले. आमच्याकडे आलेल्या सहा पानी गुणपत्रकात मुलांना विचारायचा एकही प्रश्न नाही.

आणि पुरस्कार नेमका कुणाला द्यायचा आहे, हेही ठरवून टाकावे. पत्रावर ‘उत्कृष्ट ग्रंथपाल’ लिहिले आहे, आतले शंभरपैकी सत्तरेक गुण इमारतीला आणि फर्निचरला आहेत. कपाटे ग्रंथपाल विकत घेत नाही. खोली किती मोठी असावी, हे त्याला कुणी विचारत नाही. ब्रिटनमधली स्कूल लायब्ररी असोसिएशन ही १९३७ सालची जुनी संस्था, ती ‘स्कूल लायब्रेरियन ऑफ द इयर’ असा सरळ माणसाच्या नावाचा सन्मान देत आली आहे. चांगल्या ग्रंथालयाचा सन्मान वेगळा ठेवा ना. संस्थाचालक तो घ्यायला आनंदाने येतील.

निवड समितीला मी जे कळवले आहे ते इथेही लिहिते, कारण अशी गुणपत्रके एकमेकांची बघून छापली जातात. शाळेला आधी कळवून जाऊ नका. जायचेच तर मधल्या सुट्टीत जा, तेव्हा दार उघडे आहे की बंद यावरूनच निम्मे काम होते. दारात चपलांचा ढीग आणि आत गोंगाट असेल तर लगेच कपाळाला आठ्या घालू नका, जरा उभे राहून ऐका काय बोलतात ते. हाताला येतील ती वीस पुस्तके काढून मागची पाने बघा. ग्रंथपालाला विचारा, गेल्या वर्षी काय बाद केलेत आणि का? ज्याला यावर अर्धा तास बोलता येईल त्याला माझे पूर्ण गुण. दोन-तीन मुलांना, आणि शक्यतो हुशार म्हणून पुढे केलेल्यांना सोडून, विचारा : बाईंनी किंवा सरांनी तुला असे कुठले पुस्तक दिले जे तू आपणहून मागितले नसतेस? मुलाला पुस्तकाचे नाव आठवत नाही बऱ्याचदा. निळ्या कव्हरचे होते, त्यात एक आजोबा होते, असे काहीतरी सांगते. तेवढे पुरे. ते पुस्तक कुठले, हे ग्रंथपालाला लगेच सांगता आले तर समजा योग्य माणसापाशी आलात.

शिवाय ग्रंथपालाच्या दिवसाचे काय होते ते पाहा. माझ्या नोकरीत कितीतरी दिवस असे गेले की सकाळी दोन गैरहजर शिक्षकांचे तास, दुपारी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजणे, मग कार्यालयात टपाल लिहायला माणूस नाही म्हणून तिथे, आणि ग्रंथालयाच्या दाराला कुलूप. दार बंद म्हणून मुले हळूहळू यायची थांबतात, मग कुणीतरी म्हणते, "हल्ली मुलं वाचतच नाहीत हो." म्हणून पुरस्कार द्यायचाच असेल तर वेळेचा द्या. एका वर्षासाठी एक मदतनीस, बदली तासांतून सुटका आणि समितीला न विचारता काही पुस्तके स्वतः निवडून घ्यायची मुभा. मानचिन्हे पुरे झाली. मला एक मिळाले आहे, लाकडी तळाचे, चांगले जड. पंधरा वर्षे ते संदर्भग्रंथांच्या रांगेला टेकू म्हणून उभे होते. त्याच्याइतका चांगला टेकू शाळेने कधी घेऊन दिला नव्हता, तेव्हा तक्रार नाही.

तुमच्या वर्तमानपत्रालाही एक विनंती. आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथालय संघटनेमुळे १९९९ पासून शालेय ग्रंथालय दिन आणि २००८ पासून सबंध ऑक्टोबर महिना शालेय ग्रंथालयांचा म्हणून पाळला जातो. त्या महिन्यात पुरस्कारांच्या बातम्या येतील. व्यासपीठावरच्या सात जणांची नावे छापण्याऐवजी त्या ग्रंथपालाकडचे सगळ्यात झिजलेले पुस्तक कुठले, एवढे बातमीदाराने विचारून छापावे. आम्ही निवृत्त मंडळी ते वाचून एकमेकांना फोन करू.

जिन्याखालच्या त्या बाईंना मी नंतर पत्र लिहिले होते. त्या दिवशीच्या गुणांबद्दल त्यात काहीच लिहिले नाही, तेवढी हिंमत तेव्हाही झाली नाही. त्यांच्या वहीची नक्कल करून माझ्याकडेही एक वही सुरू केली आहे, असे मात्र लिहिले. उलट टपाली उत्तर आले. दोनच ओळी होत्या : ‘वही सुरू केलीत ते छान. पण कोळ्यांचे पुस्तक आता मिळत नाही, तुमच्याकडे जादा प्रत असेल तर कळवा, आमची पार गेली.’ माझ्याकडे एकच प्रत होती. ती दिली पाठवून, आणि त्या वर्षीच्या मोजणीत माझ्या शाळेच्या नोंदवहीत एक पुस्तक ‘गहाळ’ लागले.

समितीचे गुणपत्रक मी कोरेच परत पाठवले आहे. बोलावलेत तर परीक्षक म्हणून यायला तयार आहे, असे सोबत लिहिले आहे. फक्त कुठल्या शाळेत कधी जायचे, ते आदल्या दिवशीपर्यंत मलासुद्धा सांगू नका.

आपली,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल